हाडं ठिसूळ झालेल्या ज्येष्ठ महिलांची ताकद मोजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायका साठी ओलांडलेल्या असतात. पिशवीत डेक्सा स्कॅनचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रे तपासणीचा रिपोर्ट, सोबत मुलगी किंवा सून. तपासताना मी हाताची पकड मोजते, पायांचा जोर मोजते, खुर्चीतून उठायला लावते आणि आकडे लिहून देते. मग त्या आकड्यांवरून प्रश्न सुरू होतात. माझ्या मते हे प्रश्न अगदी रास्त आहेत, कारण हा आकडा जितका ठाम दिसतो तितका तो नसतो. क्लिनिकमध्ये जी उत्तरं देते, तीच इथे जरा सविस्तर लिहिली आहेत.

दुखणं हाडांचं आहे, मग स्नायूंची ताकद कशाला मोजता?

मनगट आणि खुबा बहुतेक वेळा पडल्यामुळे मोडतो. डेक्साच्या रिपोर्टवरचा टी-स्कोअर सांगतो की तुमच्या हाडाची घनता निरोगी तरुण बाईच्या तुलनेत किती कमी किंवा जास्त आहे. तो −२.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस (ठिसूळ हाडं), −१ ते −२.५ च्या मध्ये असला की ऑस्टिओपेनिया (त्याच्या आधीची पायरी), ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ सालची व्याख्या. हाडात खनिज किती उरलंय हे त्यातून कळतं. पण लोकलमधून उतरताना मागून धक्का बसला तर तुम्ही तोल सावराल का, हे त्यातून कळत नाही. ते मांड्या, खुबे आणि पोटऱ्यांच्या स्नायूंवर ठरतं. हाडाची घनता वाढवायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि वाढते तीही थोडी. स्नायूंची ताकद सत्तरीतही काही आठवड्यांत वाढवता येते. म्हणून ती मोजायची, आणि मोजायची तर नीट मोजायची.

ताकद मोजायच्या पद्धती कोणत्या?

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे तपासणाऱ्याने हाताने विरोध करायचा आणि ० ते ५ मध्ये गुण द्यायचे. दुसरी, ग्रिप डायनॅमोमीटर: मूठ आवळायची, किती किलो ते काटा दाखवतो. तिसरी, हातात धरायचं छोटं डायनॅमोमीटर नडगीवर किंवा मांडीच्या बाजूला टेकवून पायाचा जोर मोजायचा. चौथी, खुर्चीतून उठणं-बसणं, घड्याळ लावून. पाचवी आयसोकायनेटिक मशीनची, म्हणजे ठरलेल्या एकाच वेगाने पाय हलू देऊन जोर मोजणाऱ्या यंत्राची. ती सगळ्यात काटेकोर मानतात, पण ते यंत्र एका खोलीएवढी जागा घेतं, महागडं असतं आणि मोजक्याच ठिकाणी मिळतं. रोजच्या कामात पहिल्या चार पद्धतींवरच आमचं चालतं.

चाचणी ‘विश्वासार्ह’ आहे म्हणजे नेमकं काय?

मंडईत एकच भोपळा एकाच काट्यावर तीनदा ठेवला आणि तिन्ही वेळा १ किलो ९०० ग्रॅम भरला, तर तो काटा विश्वासार्ह. भोपळ्याचं खरं वजन २ किलो असेल तर तोच काटा अचूक मात्र नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपण इथे पहिलीबद्दल बोलतोय: बदल झालेला नसताना आकडाही बदलत नाही ना?

माणसाच्या बाबतीत ही तपासणी तीन तऱ्हांनी करावी लागते. त्याच व्यक्तीने त्याच दिवशी पुन्हा मोजलं तर? त्याच व्यक्तीने आठवड्याने मोजलं तर? आणि वेगळ्या व्यक्तीने मोजलं तर? तिसरी कसोटी सगळ्यात अवघड. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत तीच सर्वात महत्त्वाची, कारण तिथे विद्यार्थी आणि इंटर्न विभाग बदलत असतात. आज तुमचा गुडघा धरणारे हात पुढच्या महिन्यात वेगळे असू शकतात.

संशोधनात ही विश्वासार्हता ‘आयसीसी’ नावाच्या आकड्यात सांगतात. तो साधारण ० ते १ मध्ये असतो. ०.७५ ते ०.९ असला तर चांगला, ०.९ च्या वर उत्तम, असा आज रूढ असलेला संकेत. एकच शिस्त पाळून मोजलं तर ग्रिप आणि मांडीच्या स्नायूंच्या चाचण्या ज्येष्ठांमध्येही साधारण या चांगल्या पट्ट्यात बसतात.

पण एवढ्यावर समाधान मानू नका. पहिलीपासून दहावीपर्यंतची मुलं एका रांगेत उभी केली तर वाकड्या पट्टीने मोजूनही उंचीचा क्रम बरोबर येईल. मुलांमधला फरकच इतका मोठा असतो. आयसीसीचं तसंच आहे. अभ्यासात खूप अशक्त आणि खूप ताकदवान बायका एकत्र असल्या की तो आपोआप वर जातो. तुमच्या आईचा आकडा किती किलोने इकडेतिकडे होऊ शकतो, हे त्यातून थेट कळत नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

मागच्या वेळी पकड १६ किलो होती, आता १८ आली. सुधारणा झाली ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात, आणि विचारताना डोळ्यांत आशा असते. उत्तर सांभाळून द्यावं लागतं.

प्रत्येक मोजमापात थोडी चूक असतेच. ती काढायचं सूत्र सोपं आहे. समजा, एका गटातल्या बायकांच्या पकडीचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते) ५ किलो आहे आणि चाचणीचा आयसीसी ०.९१ आहे. १ मधून ०.९१ वजा केले की ०.०९ उरतात, त्याचं वर्गमूळ ०.३. त्याला ५ ने गुणलं की १.५ किलो. ही झाली मोजमापाची प्रमाण चूक. आता दोन वेगळ्या दिवसांच्या आकड्यांची तुलना करायची तर चूक दोन्हीकडे आहे आणि खात्री ९५ टक्के हवी, म्हणून तिला २.७७ ने गुणतात. आले साधारण ४.२ किलो. म्हणजे आयसीसी ‘उत्तम’ असूनही, एका बाईच्या आकड्यात ४.२ किलोपेक्षा कमी फरक पडला तर तो खरा बदल आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येत नाही.

हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, तुमच्या क्लिनिकचे वेगळे असतील. पण हिशोब असाच चालतो. १६ चे १८ झाले म्हणजे सुधारणा झालीच, असं मी म्हणत नाही. झाली नाही, असंही म्हणत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा मोजू, आणि तेव्हा १९-२० आले तर दिशा स्पष्ट होईल. हेच उलट बाजूनेही लक्षात ठेवा. १८ चे १६ झाले म्हणून आईला त्या रात्री झोप लागू नये, असं काही झालेलं नसतं.

दोन ठिकाणी मोजलं, दोन आकडे आले. कोण चुकलं?

बहुधा कोणीच नाही. पद्धत वेगळी असणार.

ग्रिप डायनॅमोमीटरची मूठ पाच जागांवर सरकवता येते. बहुतेक जणींसाठी दुसरी जागा वापरतात. तिसऱ्या जागेवर लहान हाताची पकड कमी भरते. जामार जातीचं यंत्र खुर्चीत बसून, कोपर ९० अंशात ठेवून वापरतात. स्प्रिंगचं स्मेडली जातीचं यंत्र उभं राहून, हात सरळ सोडून वापरतात. दोन्हींचे आकडे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. जामारच्या डायलवर २-२ किलोच्या रेघा असतात, त्यामुळे मधला आकडा वाचणाऱ्याच्या नजरेवर ठरतो. डिजिटल यंत्रात बटण चुकून दाबलं गेलं तर किलोचे पौंड होतात. ३५ हा आकडा पाहून घरचे खूश होतात, पण ३५ पौंड म्हणजे जेमतेम १६ किलो.

पायाच्या चाचणीत तर गफलतीला आणखी जागा आहे. समजा, मी डायनॅमोमीटर गुडघ्यापासून ३० सेंटीमीटरवर टेकवलं आणि जोर १५ किलो भरला. पुढच्या वेळी घाईत २५ सेंटीमीटरवर टेकवलं. स्नायूची ताकद तीच, पण आता काटा १८ किलो दाखवेल, कारण १५ गुणिले ३० आणि १८ गुणिले २५ दोन्ही ४५०. दार बिजागरीजवळ ढकलायला जास्त जोर लागतो, तेच हे गणित. तीन किलोची ‘प्रगती’ फक्त पाच सेंटीमीटरच्या निष्काळजीपणातून.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी एका सत्तरीच्या काकूंना मी मोठ्या आनंदाने सांगितलं होतं की तुमची मांडी दोन महिन्यांत जोरदार सुधारली. त्यांनी पेढे आणले. नंतर जुनी नोंद पाहिली तर पॅड, म्हणजे यंत्राचा पायाला टेकवायचा भाग, कुठे लावला होता ते मी लिहिलंच नव्हतं. त्या दिवसापासून नडगीवर पेनने खूण करते, गुडघ्यापासूनचं अंतर टेपने मोजते आणि आकड्याशेजारी लिहिते. काकूंनाही खरं सांगितलं. पुन्हा नीट मोजलं तेव्हा फरक होता, पण सांगितला त्याच्या निम्माही नव्हता.

आणखी एक कारण बोलायला अवघड वाटतं, पण खरं आहे. हातात यंत्र धरून पाय अडवणाऱ्याची स्वतःची ताकद अपुरी असेल तर आकडा अडवणाऱ्याचा येतो, रुग्णाचा नाही. यावर सोपा उपाय म्हणजे पट्टा. यंत्र पट्ट्याने टेबलाच्या पायाला बांधलं की माझा हात या हिशोबातून बाहेर पडतो. पट्टा वापरतात का, हे जरूर विचारा.

आईची पकड १७ किलो आहे. एक डॉक्टर म्हणतात कमी आहे, दुसरे म्हणतात ठीक आहे.

दोघंही बरोबर असू शकतात. वयामुळे स्नायू झिजण्यावर (सार्कोपेनिया) काम करणाऱ्या युरोपीय तज्ज्ञगटाच्या २०१९ मध्ये छापलेल्या निकषांत बायकांसाठी १६ किलोच्या खाली म्हणजे कमी पकड. आशियाई गटाच्या २०१९ च्या निकषांत ती रेषा १८ किलोवर आहे. १७ किलो बरोबर मधे पडतात. खुर्चीतून पाच वेळा उठण्याचंही तसंच: युरोपीय निकषात १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ताकद कमी, आशियाई निकषात १२ सेकंद किंवा जास्त.

माझं मत विचाराल तर, रेषेच्या आसपासच्या आकड्यावरून शिक्का मारू नये. मोजमापाची चूकच दोन-चार किलोची असेल तर १७ आणि १८ मधल्या फरकावर कशाला भांडायचं? मी अशा बाईला कमी ताकदीची समजूनच व्यायाम देते. त्यात तिचं नुकसान काही नाही.

हाताने दाबून पायाला ‘५ पैकी ५’ दिले. तरी आईला स्टेशनचा पूल चढवत नाही. असं कसं?

कारण ५ गुणांचं माप इथे थिटं पडतं. ते मुळात पोलिओ आणि मज्जातंतूंच्या इजांमध्ये आलेला लुळेपणा मोजायला घडलं. स्नायू हलतोय की नाही, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलतोय की नाही, हे त्यात छान कळतं. पण मांडीचा स्नायू इतका दांडगा असतो की निम्मी ताकद गेली तरी तो तपासणाऱ्याच्या हाताला पुरून उरतो, आणि ५ गुण मिळतात. पूल चढताना मात्र सगळं शरीर एका पायावर उचलायचं असतं. अशा बाईला खुर्चीतून उठायला लावलं की खरं चित्र दिसतं.

चाचणी करताना हाड तर मोडणार नाही?

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. नीट केलेल्या चाचणीत धोका फार कमी असतो, पण ‘नीट’ या शब्दात बऱ्याच गोष्टी येतात.

पहिली: पाय स्थिर धरून रुग्णाने स्वतः जोर वाढवत न्यायचा, तपासणाऱ्याने झटक्याने तिचा जोर मोडायचा नाही. मोडून बघण्याच्या पद्धतीत आकडे जास्त येतात, पण ठिसूळ हाडावर अचानक ताण पडतो. मी ती वापरत नाही. दोन सेकंदांत हळूहळू जोर आणायचा, तीन-चार सेकंद टिकवायचा, सोडायचा. दोन प्रयत्नांत मिनिटभर विश्रांती.

दुसरी: श्वास रोखायचा नाही. मी मोठ्याने एक-दोन-तीन म्हणायला लावते. बोलणारा माणूस श्वास रोखू शकत नाही.

तिसरी: कमरेत पुढे वाकवून कोणतीही चाचणी नको, पोटाचे स्नायू मोजण्यासाठी पाठीवर झोपवून सिट-अपसारखं वाकवणं तर नकोच. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. मेहरशीद सिनाकी यांनी १९८४ मध्ये मणक्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ बायकांचा अभ्यास छापला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्के जणींच्या मणक्यांना नव्याने इजा दिसली, पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्के. अभ्यास लहान आहे, पण मी तो विसरू शकत नाही.

पाठीत नुकतीच नवी, तीव्र कळ सुरू झाली असेल, गेल्या काही महिन्यांत फ्रॅक्चर झालं असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं असेल, तर चाचणी थांबवा आणि आधी डॉक्टरांना विचारा.

जास्तीत जास्त वजन एकदाच उचलून बघायची चाचणी आमच्या वयात चालते का?

घरी किंवा जिममध्ये नवख्या ट्रेनरसमोर अजिबात नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालू शकते. ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर या अभ्यासात (२०१८) रजोनिवृत्तीनंतरच्या, कमी घनतेच्या १०१ बायका होत्या. त्यातल्या एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनाचा व्यायाम केला. वजन होतं स्वतःच्या कमाल क्षमतेच्या ८५ टक्क्यांहून जास्त. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता आणि ताकद दोन्ही सुधारल्या. पण त्या सुरुवातीला हलक्या वजनावर हालचाल शिकल्या आणि प्रत्येक सत्र देखरेखीखाली झालं. हा अर्धा भाग सोडून उरलेला अर्धा व्हॉट्सॲपवर फिरतो, याची मला काळजी वाटते.

पहिल्या दिवशी १४ किलो, आठवड्याने १७. आठवड्यात ताकद वाढते का?

नाही. सराव वाढतो. आयुष्यात पहिल्यांदा ते यंत्र हातात धरलं की अर्धं लक्ष ते कसं धरायचं यातच जातं. म्हणून पहिला दिवस ओळखीचा धरावा आणि दुसऱ्या दिवसाचा आकडा सुरुवात म्हणून लिहावा. दोनदा येणं शक्य नसेल तर निदान त्याच दिवशी एक-दोन हलके सरावाचे प्रयत्न आणि मग प्रत्येक हाताचे तीन खरे प्रयत्न, त्यातला सर्वांत मोठा आकडा घ्यावा.

सासूबाई पूर्ण जोर लावतच नाहीत. मग आकड्याला अर्थ काय?

त्यांच्यावर रागावू नका. ‘हाडं ठिसूळ झालीत, जपा’ हे वाक्य त्यांनी डॉक्टरांकडून, शेजारणींकडून, तुमच्याकडूनही शंभरदा ऐकलेलं असतं. आणि मग आम्ही म्हणतो, लावा जोर! हाडाची घनता कमी असल्यामुळे काटा चुकत नाही. चुकतो तो भीतीमुळे, दुखण्यामुळे, पाठीला बाक आल्याने नीट बसता न आल्यामुळे.

मी आधी त्यांच्या सशक्त बाजूने सुरुवात करते. दुखलं तर कुठे आणि दहापैकी किती, ते विचारून लिहिते. आणि त्यांच्या शब्दांत सांगते. ‘कमाल बल लावा’ म्हटलं की काही होत नाही. ‘ओली चादर पिळताय असं समजून मूठ आवळा’ म्हटलं की हात कामाला लागतो. मात्र एकदा जे शब्द वापरले तेच पुढच्या वेळी, त्याच आवाजात वापरायचे. ओरडून दिलेल्या प्रोत्साहनानेही आकडा बदलतो. तीन प्रयत्नांचे आकडे एकमेकांपासून फार लांब असतील तर त्या दिवसाचा निकाल मी पक्का धरत नाही.

चाचणीच्या दिवशी काय काळजी घ्यावी?

विरारहून किंवा कल्याणहून उभ्याने प्रवास करून, दोन पूल चढून आलात तर आधी पंधरा-वीस मिनिटं बसा. एकादशी-चतुर्थीचा कडक उपवास असेल तर दुसरा दिवस घ्या. सकाळी दहा माणसांची कणीक मळून आला असाल तर तसं सांगा. अंगठ्या काढा, घट्ट बांगड्या वर सरकवा. साडीपेक्षा सलवार किंवा सैल पॅन्ट बरी, कारण निऱ्यांमुळे पायाचा कोन नीट दिसत नाही. नेहमीची औषधं नेहमीच्या वेळी घ्या आणि पुढच्या खेपेला साधारण याच वेळी या.

घरी मोजता येईल का?

येईल, आणि मोजावंच. हात न टेकता खुर्चीतून उठता येत असेल तर अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मोजा. ही चाचणी रिकली आणि जोन्स यांनी १९९९ मध्ये मांडली. अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यानुसार बायकांमध्ये ६० ते ६४ वयात १२ पेक्षा कमी, ६५ ते ६९ मध्ये ११ पेक्षा कमी, ७० ते ७९ मध्ये १० पेक्षा कमी आणि ८० ते ८४ मध्ये ९ पेक्षा कमी वेळा उठता आलं तर पडण्याचा धोका जास्त समजतात.

खुर्ची साधारण ४३ सेंटीमीटर उंच, बिनहाताची, भिंतीला टेकवलेली हवी. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत लादीवर सरकते, ती नको. सोफाही नको. हात छातीवर आडवे. अनवाणी केलं तर दर वेळी अनवाणी. घरातलं कोणी तरी शेजारी उभं हवंच. छोट्या घरात मी ओट्याला लागून खुर्ची ठेवायला सांगते, म्हणजे तोल गेला तर हाताला आधार असतो. आणि खुर्ची बदलू नका. दोन इंच बुटकी खुर्ची सगळा हिशोब बिघडवते.

पकड चांगली आली, तर डेक्सा टाळता येईल का?

नाही. एक चाचणी हाडाची आहे, दुसरी स्नायूची.

सोसायटीच्या शिबिरात टाचेवर यंत्र लावून टी-स्कोअर दिला. तो चालेल?

टाचेची अल्ट्रासाउंड तपासणी शंका घेण्यापुरती ठीक. −२.५ ची व्याख्या डेक्सासाठी आहे, टाचेच्या आकड्याला ती लावू नये.

किती दिवसांनी पुन्हा मोजावं?

व्यायाम सुरू असेल तर आठ ते बारा आठवड्यांनी. त्याआधी मोजलं तर बदल मोजमापाच्या चुकीत हरवून जातो आणि उगाच निराशा पदरी येते. मधल्या काळात घरची खुर्ची आहेच. बरणीचं झाकण उघडतंय का, नारळ खवताना हात भरून येतो का, हेही वहीत लिहा. मी ते वाचते.

रिपोर्टवर काय लिहून मागावं?

यंत्राचं नाव आणि त्याचं कॅलिब्रेशन (काटा बरोबर दाखवतो ना, याची तपासणी) शेवटचं कधी झालं ती तारीख. दुकानातल्या काट्यावरचा शिक्का आपण बघतो, मग इथे विचारायला संकोच कसला? मग कोणता हात किंवा पाय, बसून की उभ्याने, मुठीची जागा कितवी, पॅड गुडघ्यापासून किती सेंटीमीटरवर, पट्टा होता की नाही, तिन्ही प्रयत्नांचे आकडे आणि एकक, दुखणं किती, वेळ कोणती, आणि मोजलं कोणी. माझ्या कागदावर ते असं दिसतं: ‘उजवा हात, जामार, दुसरी जागा, बसून, कोपर ९० अंश, १५, १७, १६ किलो, दुखणं १०पैकी २, अंगठ्याच्या मुळाशी, सकाळी ११.’ या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी कुठल्याही फिजिओकडे गेलात, तरी मोजायच्या आधी तो त्यांच्यासमोर धरा.